नाताळच्या जेवणासाठी चॉकलेट कस्टर्ड पाय : कस्टर्डला उकळी आणावी की नाही?

अ-१०४ : सर्वांना नमस्कार. २५ तारखेला रात्री आपल्या सोसायटीच्या गच्चीवर होणाऱ्या जेवणातील गोड पदार्थ आमच्याकडे आहेत. बेबिंक (गोव्याचा थरांचा गोड पदार्थ) आणि केक घरोघरून येतातच, म्हणून यंदा चॉकलेट कस्टर्ड पाय, म्हणजे भाजलेल्या कवचात चॉकलेटचे कस्टर्ड भरलेला गोड पदार्थ, घरी करावा असे ठरवले आहे. अडचण एवढीच, की एका पाककृतीत कस्टर्ड घट्ट होताच गॅस बंद करा असे लिहिले आहे आणि दुसरीत ते चांगले उकळा असे लिहिले आहे. अंड्याचे बलक आणि कॉर्नफ्लोअर दोन्हींत आहेत. यांपैकी कोणते मानावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

क-२०१ : ताई, उकळी मुळीच आणू नये. आमच्या घरी प्रत्येक सणाला कॅरामल पुडिंग होते. आच जराशी वाढली तरी त्याला जाळी पडते आणि खाली पाणी सुटते.

ब-३०२ : भाऊ, तुमचे म्हणणे पुडिंगच्या बाबतीत अगदी बरोबर आहे, परंतु येथे ते लागू होत नाही. कॅरामल पुडिंग केवळ अंड्याच्या जोरावर धरते, त्यामुळे उष्णता जास्त झाली की अंड्यातील प्रथिने आवळली जातात आणि धरून ठेवलेले पाणी सोडून देतात. पायच्या कस्टर्डमध्ये कॉर्नफ्लोअर असते, आणि त्याचा स्टार्च फुगून या प्रथिनांच्या मध्ये येत असल्यामुळे ती एकमेकांना सहजासहजी चिकटत नाहीत; म्हणून असे कस्टर्ड उकळले तरी फुटत नाही. इतकेच नव्हे, तर ते उकळलेच पाहिजे. बलकात स्टार्च तोडणारे अमायलेज नावाचे विकर असते, आणि कस्टर्ड पुरेसे तापले नाही तर ते निष्क्रिय होत नाही. मग रात्री सुरी उभी राहील इतके दाट वाटलेले कस्टर्ड फ्रिजमध्येच हळूहळू पातळ होते, आणि दुसऱ्या दिवशी पाय कापताना सारण ताटभर पसरते. दोष बिचाऱ्या कॉर्नफ्लोअरला दिला जातो. तेव्हा मध्यभागी जाड बुडबुडे फुटू लागल्यावर आच मंद करून, तळाशी चमचा फिरवत, आणखी एक-दीड मिनिट शिजवावे.

अ-१०४ : काकू, फार आभारी आहे. प्रमाणही सांगाल का? माझ्याकडे नऊ इंची साचा आहे.

ब-३०२ : ५०० मिलिलिटर पूर्ण सायीचे दूध, १०० ग्रॅम साखर, ३ बलक, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, १५ ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, १२० ग्रॅम डार्क चॉकलेट, चमचाभर लोणी आणि चिमूटभर मीठ. मीठ वगळू नये, कारण त्याशिवाय चॉकलेटची चव उघडत नाही. साखर, कॉर्नफ्लोअर, कोको आणि मीठ कोरडेच एकत्र करावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. नंतर त्यात बलक आणि थोडे थंड दूध घालून घोटावे. उरलेले दूध गरम करून पळी-पळीने त्यात ओतावे आणि सगळे पुन्हा भांड्यात घेऊन वर सांगितल्याप्रमाणे शिजवावे. गॅसवरून उतरवल्यावर गाळून घ्यावे व मगच चिरलेले चॉकलेट आणि लोणी मिसळावे. चॉकलेट घेताना वेष्टनामागील घटक वाचावेत. ज्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असते ते कंपाउंड चॉकलेट स्वस्त पडते, पण जिभेवर मेणासारखे राहते. शिवाय कोको बटर फ्रिजमध्ये घट्ट होऊन काप नीट निघायला मदत करते, म्हणून येथे काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ड-४०३ : आमच्या घरी अंडे चालत नाही. आम्ही फक्त पाहतच राहायचे का?

ब-३०२ : अजिबात नाही, वहिनी. बाजारातील कस्टर्ड पावडरचा जन्मच अंडे टाळण्यासाठी झाला आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये आपल्या पत्नीला अंडी सोसत नसल्यामुळे ती तयार केली. तिचा मुख्य घटक कॉर्नफ्लोअरच असतो. मात्र तिचा व्हॅनिलाचा वास चॉकलेटवर कुरघोडी करतो, म्हणून मी साधे कॉर्नफ्लोअरच ४५ ग्रॅम घेईन आणि लोणी थोडे वाढवीन. अर्ध्या दुधाऐवजी नारळाचा दाट रस घातला तर तो पाय आपल्या गोव्याचा वाटेल.

अ-१०४ : आणि खालचे कवच? बिस्किटांचा चुरा लोण्यात मिसळून थापला तर सोपे जाईल.

ब-३०२ : सेरादुराला (क्रीम आणि बिस्किटांच्या चुऱ्याचे थर असलेल्या गोव्यातील गोड पदार्थाला) मारी बिस्किटे शोभतात, कारण तेथे ती मऊ झालेलीच हवी असतात. पायला भाजलेले कवच हवे. १८० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम फ्रिजमधले कडक लोणी आणि दोन-तीन चमचे बर्फाचे पाणी पुरते. आपल्याकडे दुपारी लोणी बोटांतच वितळते, म्हणून पीठ सकाळी लवकर, बोटांच्या टोकांनीच मळावे आणि लाटण्यापूर्वी व लाटल्यावर अर्धा-अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. साच्यात बसवून काट्याने टोचावे, बेकिंग पेपर पसरून त्यावर जुने राजमे किंवा अळसांदे (चवळी) भरावे आणि १९० अंशांवर वीस मिनिटे भाजावे. नंतर कडधान्य काढून तळ बदामी होईपर्यंत आणखी दहा-बारा मिनिटे. ते दाणे पुन्हा शिजवता येत नाहीत, पण पुढच्या पायसाठी बरणीत राहतात. कवच पूर्ण निवल्यावर आतून वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवावा. तो थर घट्ट झाला की कस्टर्डचा ओलावा खाली झिरपत नाही.

क-२०१ : काकू, उकळीचा मुद्दा पटला. आता व्यवस्थेचा प्रश्न : जेवण आठ वाजता आहे आणि भाषणांमुळे ते कधीच वेळेवर सुरू होत नाही. तोपर्यंत पाय टेबलावर मांडून ठेवावेत का?

ब-३०२ : मुळीच नाही. दूध आणि अंड्याचा हा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, आणि गच्चीवर दिव्यांची ऊब असते ती वेगळीच. कस्टर्ड भरताच पृष्ठभागाला अगदी चिकटून प्लास्टिकचा कागद लावावा, म्हणजे साय धरत नाही, आणि किमान सहा तास फ्रिजमध्ये ठेवावे. आदल्या रात्री केल्यास उत्तम. वर मेरिंग (अंड्याचा पांढरा भाग साखरेसह फेटून केलेला फेस) मात्र कोणी सुचवू नये. आपल्या दमट हवेत ते चिकट होऊन पाझरू लागते. फेटलेले क्रीम वाढतानाच घालावे.

ड-४०३ : आमचा फ्रिज २४ तारखेपासून जवळजवळ रिकामा आहे. बिनअंड्याचा पाय मी करते आणि तो आमच्याकडेच ठेवते. दोन्ही प्रकारच्या पायांवर चिठ्ठ्या मात्र अवश्य लावाव्यात, आणि सुऱ्याही वेगळ्या ठेवाव्यात.

अ-१०४ : ठरले. अंड्याचे दोन पाय आमच्याकडे होतील. सहा बलकांमागे सहा पांढरे उरतील. ज्यांना नारळाचे मॅकरून करायचे आहेत, त्यांनी २४ तारखेला संध्याकाळी झाकणाचा डबा घेऊन यावे.