आजीचं कृष्णधवल पोर्ट्रेट: सुरकुत्या आणि गोंदण दोन्ही कसं टिकवू?

वाईजवळच्या गावी माझी आजी असते, वय ८६. तिचे कृष्णधवल फोटो काढतोय. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट गोंदण आहे, आता फिकट झालंय. ते फोटोत दिसायलाच हवं, माझ्यासाठी तीच तिची ओळख.

क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी लेन्स, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल. सोप्यातल्या एकाच खिडकीचा उजेड, सकाळी आठच्या सुमारास. लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं (एफ/१.८) की एकच डोळा शार्प येतो, लहान केलं (एफ/४) की आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत जातो. तेवढा नॉइज (दाणेदारपणा) चालेल. पांढरे केस आणि पदर जास्त उजेडाने पांढरेफटक होत होते, एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे निम्मा) कमी केल्यावर ते जमलं.

अडलंय ते पुढे. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) कृष्णधवल करताना नारिंगी रंगाचा, म्हणजे त्वचेच्या उजळपणाचा, स्लायडर वाढवला की गोंदण उठून दिसतं, पण चेहरा गुळगुळीत होतो, सुरकुत्या जातात. कमी केला की सुरकुत्या येतात, गोंदण बुडतं.

फ्लॅश नको, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला झगमगाट सोसत नाही. गुडघ्यांमुळे अंगणातही नेता येत नाही, बसते जेमतेम दहा मिनिटं.

अशा वेळी तिला खिडकीचा उजेड बाजूने पडेल असं बसवून सुरकुत्या उजेडातूनच मिळवायच्या आणि नारिंगी वाढवलेलाच ठेवायचा, की फक्त गोंदणाला वेगळा मास्क लावायचा (म्हणजे तेवढाच भाग निवडून बदलायचा)?