मदत हवी आहे: 'कॅट सूप'च्या शेवटाचा अर्थ तुम्ही कसा लावला?

मंडळी, ज्यांनी 'कॅट सूप' हा जपानी ॲनिमे (ॲनिमेशनपट) पाहिलाय त्यांची मदत हवी आहे. शेवट सांगितल्याशिवाय मला प्रश्नच विचारता येणार नाही. त्यामुळे ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या, मग खालचं वाचा.

२००१ सालचा आहे, अर्ध्या तासाहून जरासा मोठा. दिग्दर्शक तात्सुओ सातो, पटकथेत त्यांच्याबरोबर मासाआकी युआसा. नेकोजिरु या टोपणनावाने मांगा (जपानी चित्रकथा) काढणाऱ्या चित्रकर्तीच्या मांजरांवर बेतलेला. नेकोजिरु म्हणजे शब्दशः मांजराचं सार, नाव तिथूनच आलंय. पात्रांच्या तोंडी एकही संवाद ऐकू येत नाही. मधूनच कॉमिक्समध्ये असतो तसा फुगा उमटतो, तोही जपानीत. माझ्याकडच्या प्रतीत त्याचं भाषांतर नाही. मांजरं गोंडस दिसतात म्हणून लहान मुलांना लावून देऊ नका. होडीतल्या डुकराचा प्रसंग मला अजून पुरता बघवत नाही.

गोष्ट अशी. न्यात्ता हा धाकटा भाऊ, न्याको त्याची मोठी बहीण. न्याको आजारी आहे. न्यात्ता टबात खेळता खेळता पाण्यात बुडतो, आणि त्या अवस्थेत त्याला दिसतं की कुणीतरी बहिणीचा हात धरून तिला घेऊन चाललंय. तो धावत जाऊन तिचा दुसरा हात पकडतो. दोन्ही बाजूंनी ओढाताण होते आणि ती मधोमध फाटते. अर्धी तिकडे जाते, अर्धी त्याच्या हातात राहते. ती अर्धी घेऊन तो घरी येतो. न्याको उठते, चालते, पण डोळ्यांत काही नाही. नेलं तिकडे जाते, बसवलं की बसते. उरलेली अर्धी मिळवायला दोघं निघतात: सर्कस, महापूर, वाळवंट, थबकलेला काळ. शेवटी एक फूल मिळतं आणि ती पुरती परत येते.

इथे संपलं असतं तर मी धागा काढला नसता. यानंतर घरातली मंडळी एकेक करून नाहीशी होतात. कुणी ओरडत नाही. दिवा मालवावा तसा एकेक जण विझतो. संपलं.

मी हे धाकट्या भावाबरोबर पाहिलं. लहानपणी मी बरेच दिवस दवाखान्यात होते, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्या दिवसांत तो माझ्या रिकाम्या उशीवर हात ठेवून झोपायचा, असं आईने पुढे कधीतरी सांगितलं होतं. पडदा काळा झाला तरी तो रिमोट हातात धरून तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तो टबातच गेला होता का?" मी म्हटलं, नाही रे, बहीण परत आली की. त्यावर तो म्हणाला, "मग सगळे गेले कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि दोन आठवडे झाले तरी ते डोक्यातून जात नाही. शब्द नाहीत म्हणून असं होतं म्हणावं, तर तसंही नाही. कुनिओ कातो यांचा २००८ चा लघुपट घ्या, पाणी वाढत जातं तसा घरावर मजला चढवत राहणाऱ्या म्हाताऱ्याचा, ज्याला ऑस्कर मिळालं. संवाद त्यातही नाहीत, पण सगळं लख्ख कळतं. 'कॅट सूप' मात्र जाणूनबुजून हात सोडून देतो. तुम्हाला काय वाटलं ते सांगा. अभ्यासकांचं मत नको, बघताना तुमचं काय झालं ते हवंय.

प्रतिसाद १
तुमच्या भावाशी मी सहमत आहे. सगळीकडे पाणी आहे, हे लक्षात आलं का? सुरुवात टबात, मग पूर, मग वाळवंटातही पाण्याचाच हत्ती, आणि तोही उन्हात वाफ होऊन जातो. मला हा सगळा प्रवास बुडणाऱ्या मुलाच्या डोक्यातल्या शेवटच्या काही क्षणांचा वाटतो. बहिणीला वाचवल्याचं समाधान त्याने स्वतःच स्वतःला दिलं, आणि मग डोकं थांबलं. घरचे विझतात ते म्हणूनच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

प्रतिसाद २
मी जरा वेगळ्या बाजूने सांगते. न्याकोला नेणारी आकृती जिझोसारखी दिसते. जिझो म्हणजे संस्कृतातला क्षितिगर्भ बोधिसत्त्व, चीनमार्गे जपानात पोचलेला. तिथल्या समजुतीप्रमाणे मेलेली मुलं नदीकाठी दगडांवर दगड रचत बसतात, राक्षस येऊन ते पाडतात, आणि जिझो त्या मुलांना आपल्या वस्त्राआड घेतो. म्हणजे तो चोर नव्हे, पोरक्या मुलांचा सांभाळ करणारा. हे डोक्यात ठेवून ती ओढाताण पुन्हा बघा. दोन्ही हात मायेचेच आहेत, म्हणून तर ती फाटते. मरणाऱ्याला नावाने हाका मारून परत बोलावण्याची जुनी प्रथाही जपानात होती. न्यात्ताला बोलता येत नाही, म्हणून तो हाताने बोलावतो असं मला वाटलं.

शेवटाबद्दल माझं मत पक्कं नाही. मात्र नेकोजिरु १९९८ मध्येच गेली, हा लघुपट त्यानंतरचा. त्यामुळे पुष्कळ जण त्यात तिचं मरण शोधतात. तसं करू नये असं मला मनापासून वाटतं. हे काम तिच्यामागे दुसऱ्यांनी केलंय.

प्रतिसाद ३
ती परत आली. भावाला एवढंच सांगा. जे विझलं ते चित्र विझलं, आपण बघायचं थांबलो म्हणून.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद २ वाचून काल ओढाताणीचा प्रसंग आम्ही पाच-सहा वेळा थांबवून थांबवून पाहिला. आधी मी न्यात्ताकडेच बघत होते. या वेळी बहिणीकडे पाहिलं. ती कुणाच्याच बाजूने जोर लावत नाही, दोन्ही हात नुसते देऊन टाकलेले. दवाखान्यातलं मला फारसं आठवत नाही, पण तसं नुसतं पडून राहणं आठवतं. हे मी भावाला पहिल्यांदाच सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं तू मुद्दाम येत नाहीस." मग आम्ही बराच वेळ त्यावरच बोललो, शेवटाचा विषय निघालाच नाही.

पाण्याचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाहीये, प्रतिसाद १. मन मानत नाही, पण पुरावा तुमच्या बाजूचा आहे.

आता एकच मदत हवी. कुणाला जपानी वाचता येत असेल तर फुग्यांमध्ये काय लिहिलंय तेवढं सांगाल का? विशेषतः शेवटाकडचे. कुणी तयार असेल तर कोणत्या मिनिटाला कुठला फुगा येतो, ते मी पुन्हा बघून इथे लिहून ठेवते.