मोजा विणला की हेल्मेट? पाय आत जात नाही आणि टाचेजवळ भोक

नॅरोगेजवाले काका (इंदोरा, नागपूर)

नमस्कार मंडळी. मी मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होतो. नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांत अंतर (गेज) दोन फूट सहा इंच. २०१८ ला घरी बसलो आणि त्याच डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशावर गेला. मे महिन्यातलं नागपूर सगळ्यांना माहीत आहे, जानेवारीतल्या पहाटेची फरशी कोणाला माहीत नाही. बाजारच्या मोज्यांचं इलास्टिक घोट्यावर वळ उठवते, म्हणून म्हटलं आपणच विणू.

सुलट-उलट सौ.ने शिकवलं. तिनं आजवर स्वेटर खूप काढले, मोजा एकही नाही. म्हणते, बुटात लपणाऱ्या वस्तूसाठी कोण डोळे फोडून घेईल! मग मोबाइलवर एका अमेरिकन बाईचा व्हिडिओ धरला. तिनं सांगितलं : चारपदरी लोकर, ६४ टाके, सुई ‘साइज टू’. दोन्हीकडून टोक असलेल्या सुया बर्डीवर दोन दुकानांत विचारल्या, नाही मिळाल्या. दुकानदार मलाच विचारून राहिला होता, याचं करता काय म्हणून. शेवटी सायकलचे पाच स्पोक घेतले, सात-सात इंचांचे कापले, टोकं घासली, पॉलिश पेपर मारला. व्हर्नियर लावून पाहिला, बरोबर २.०० मिलिमीटर. दुकानातल्या सुयांपेक्षा सरळ आहेत, सांगून ठेवतो.

तीन आठवड्यांनी मोजा झाला. टेबलावर ठेवला तर उभा राहतो. पंजाचा घेर १० इंच आहे माझा, पाय टाचेपर्यंत जातो आणि अडकतो. वरची कडा तर तारेसारखी कडक. शिवाय टाचेची पट्टी जिथं संपते तिथं दोन्ही बाजूंना करंगळी जाईल एवढं भोक. टाके मोजले, ६४ च आहेत. चुकलं कुठं?

महालची मावशी

भाऊ, पाच सुयांचा खटाटोप कशाला? आमच्या आईनं सगळ्यांचे मोजे दोन सुयांवरच विणले, मागून शिवण घातली. टाका गळला तरी सापडतो.

नॅरोगेजवाले काका

मावशी, शिवण टाचेखाली टोचते नं. आणि खरं सांगू का, गोल विणायचीच मजा आहे. पाइपचं काम केल्यासारखं वाटते.

सुलटउलट (धरमपेठ)

काका, तुमचा व्हर्नियर बरोबर आहे, ‘टू’ चुकला. ते दोन मिलिमीटर नव्हेत. अमेरिकन २ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर, आपल्याकडच्या सुयांवर तिला १२ नंबर म्हणतात. आपला जुना नंबर इंग्लंडचा आहे, तारेच्या गेजसारखा उलटा चालतो, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेचा सुलटा. तुमचा स्पोक आपल्या हिशेबानं १४ नंबर झाला. चारपदरी लोकर त्यावर विणली की सतरंजीच होणार.

पट्टी घेऊन एका इंचात किती टाके बसलेत ते मोजा. ९ च्या आसपास येतील. म्हणजे ६४ टाक्यांचा घेर सात इंच. मोजा पायापेक्षा इंचभर लहानच हवा, नाहीतर घोट्यावर गोळा होतो. पण तीन इंच लहान चालणार नाही. तुम्हाला नऊ इंच पाहिजे. १२ नंबरवर इंचाला ७ टाके आले तर ६३ होतात, चारनं भाग जायला ६४. बाईचा आकडा बरोबरच होता. आधी चार इंची चौकोन विणून पाहा, मग मोज्याला हात लावा. हे मी सगळ्यांना सांगते आणि स्वतः कधी करत नाही.

कडा कडक झाली कारण टाके एका सुईवर घट्ट घातलेत. दोन सुया एकत्र धरून त्यांवर घाला, मग एक काढून घ्या.

आता भोक. टाचेची पट्टी ३२ टाक्यांवर ३२ सुया (म्हणजे ओळी) विणली असेल, दर सुईचा पहिला टाका न विणता उचलून, तर कडेला १६ साखळ्या दिसतील. सगळे १६ उचलतात आणि पुढं जातात. तुम्ही कोपऱ्यात, पट्टी आणि पंज्याच्या मधल्या आडव्या धाग्यातून, सतरावा उचला. तो विणताना टाक्याच्या मागच्या धाग्यातून सुई घालून, पीळ देऊन विणा, म्हणजे भोक बुजतं. पुढच्या गोलात तो शेजारच्याबरोबर जोडून टाका. आणि लोकरीचा एक धागा जाळून पाहा. केसासारखा वास येऊन चुरा झाला तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिकनं ऊब येते, पण पाय घामेजतो.

नॅरोगेजवाले काका

मोजले. इंचाला ९ टाके. आयुष्यभर रुळांचं गेज मोजण्यात गेलं अन् इथं टाक्यांच्या गेजमध्येच फसलो. सौ. तेव्हापासून हसून राहिली आहे.

धागा जाळला, मणी झाला. आता घेतलीच आहे लोकर तर हीच वापरतो.

नॅरोगेजवाले काका (बारा दिवसांनी)

१२ नंबरच्याही दोन्हीकडून टोक असलेल्या मिळाल्या नाहीत. स्वेटरच्या लांब सुयांची एक जोडी आणली, डोकी उडवली, मधून कापल्या, चार सुया झाल्या. तिघींवर टाके, चौथीनं विणायचं. १६, १६ आणि ३२ असे वाटले, त्यामुळे टाचेचे ३२ आपोआप एका सुईवर आले. व्हर्नियर २.७४ दाखवतो.

मोजा झाला. पाय गेला. वळ नाही. सतरावा टाका उचलला, डाव्या बाजूचं भोक बुजलं. उजवीकडं बारीकसं राहिलं, तिथं मी पीळ द्यायला विसरलो होतो, सुईदोऱ्यानं आवळून घेतलं.

आता अडचण वेगळीच. १०० ग्रॅमच्या लोकरीत एक जोडी होते म्हणतात, पण पहिल्या हेल्मेटनंच बरीच खाल्ली. दुसऱ्या पायासाठी ते उसवावं लागणार. ते नातवानं पाण्याच्या बाटलीला चढवलं आहे, टाच एका बाजूनं बाहेर आलेली, आणि रोज शाळेत नेऊन राहिला आहे. मागितलं तर देत नाही.