अनुभव धागा : पात्र घडवताना कुठला गुण कमी ठेवलात?

सांजवात

भाची सुट्टीला आली आहे. काल संध्याकाळी तिने 'बाल्डर्स गेट 3' हा संगणकावरचा खेळ सुरू केला आणि ताटं मांडली तरी ती पात्र बनवायच्याच पानावर. 27 पॉइंट, सहा गुण. प्रत्येक गुण 8 पासून 15 पर्यंत नेता येतो आणि वर जाताना भाव चढत जातो. एकट्या 15 ला 9 पॉइंट लागतात. "मावशी, इंटेलिजन्स 8 ठेवलं तर चालेल का गं?" एवढंच विचारलं तिने, आणि मला पुण्यातली दादाची खोली आठवली.

आमच्याकडे पहिला बाल्डर्स गेट होता, 1998 चा. त्यात संगणकच फासे टाकायचा, आकडे पसंत नसले की पुन्हा टाकायला लावायचे. दादा वहीत बेरजा करत बसायचा. योद्ध्याची ताकद 18 आली की पुढे टक्केवारी असायची, आणि त्याला 18/00, म्हणजे पूर्ण शंभर टक्केच हवं होतं. अख्खा रविवार त्यात गेला. मी चोर बनवली आणि तिची ताकद मुद्दाम 9 वर ठेवून उरलेलं सगळं डेक्स्टेरिटीत, म्हणजे चपळाईत, घातलं. तिला दोन चिलखतं उचलून चालता यायचं नाही. त्यामुळे आमचा खेळच वेगळा झाला: आधी लपून बघायचं, सापळे काढायचे, कुणाशी लढायचं नाही ते ठरवायचं. दादाच्या योद्ध्याचं नावसुद्धा आता आठवत नाही मला. माझ्या चोराची चाल आठवते.

मला मनापासून वाटतं की पात्र त्याच्या उणिवेतून उभं राहतं. तुमचे अनुभव लिहा ना. टेबलावरचा खेळ असो की संगणकावरचा.

खिडकीतला_बोका

डायब्लो 2. एनर्जी. कळणाऱ्यांना कळलं 😀

दर लेव्हलला 5 पॉइंट. ताकद अंगावर चिलखत चढेल इतकीच, बाकी सगळं व्हायटॅलिटीत, म्हणजे जीव वाढवण्यात. सॉर्सरेस (जादूगारीण) असली तरी एनर्जीत, म्हणजे जादूच्या शक्तीत, दमडी टाकायची नाही. कोल्हापुरात आमच्या कॅफेत हा कायदाच होता. फक्त एक पोरगा हट्टाने एनर्जी वाढवायचा. एनर्जी शील्ड घेऊन मार रक्ताऐवजी 'माना'वर, म्हणजे जादूच्या साठ्यावर, झेलायचा. सगळे त्याच्या खुर्चीमागे उभे राहून बघायचे. मान गये त्याला.

मुग्धमयी

वाचतेय. मॉरोविंडचा किस्सा आहे माझा, कुकर लावून येते.

अण्णा_बत्तीस_शिराळा

@बोका, त्या काळात रीस्पेक (वाटलेले पॉइंट परत घेऊन नव्याने वाटणं) नव्हता हे पण सांगा नवीन मुलांना. 2010 ला 1.13 पॅच (खेळातली सुधारणा) आला तेव्हा कुठे पॉइंट परत मिळायला लागले. आणि 2003 च्या 1.10 पॅचच्या आधी आम्ही स्किल पॉइंट साठवून ठेवायचो. शेवटच्या ओळीतली स्किल्स लेव्हल 30 ला उघडायची, तोवर पहिल्या एक-दोन स्किल्सवर कसंबसं भागवायचं. मग 1.10 ने सिनर्जी आणली, खालच्या स्किलमधले पॉइंट वरच्याला जोर द्यायला लागले. सगळं गणित उलटं झालं.

खिडकीतला_बोका

हो अण्णा!! 24 पासून 30 पर्यंतचा तो प्रवास. काय दिवस होते.

फासेवाला

मी डीएम आहे, म्हणजे टेबलावर डी अँड डी ('डंजन्स अँड ड्रॅगन्स') हा खेळ चालवतो, त्यामुळे माझ्यासमोर दर नव्या खेळात चार-पाच जण शीट घेऊन बसतात. सांजवात ताई, तुमचं म्हणणं मी दर वेळी खरं होताना बघितलंय.

आधी आकडा काय सांगतो ते बघा. पाचव्या आवृत्तीत गुण 10 असेल तर फाशाच्या आकड्यात शून्य मिळवायचं, 8 असेल तर 1 वजा करायचा. वीस बाजूंच्या फाशावर तो फरक 5 टक्क्यांचा. एवढाच. म्हणजे 8 ने पात्र बुडत नाही. खेळाडू त्या 8 चं काय करतो ते महत्त्वाचं.

आमच्या एका खेळात फासे टाकून आकडे घेतले होते. बार्बेरियन (रानटी लढवय्या) खेळणाऱ्याला एक 6 आला, तो त्याने इंटेलिजन्सला दिला आणि ठरवलं की आपल्या माणसाला वाचता येत नाही. नियमात असं काही लिहिलेलं नाही, त्याने स्वतः ठरवलं. टेबलावर दुसरी एक विझार्ड (पुस्तकी जादूगार) होती, ताकद 8. नियमाप्रमाणे ताकदीच्या पंधरापट पौंड उचलता येतात, म्हणजे तिला 120. पुस्तकं, दोर, तंबू धरून तिचं ओझं कायम काठावर. मग हा तिची पुस्तकं उचलायला लागला, आणि ती रात्री मुक्कामाला त्याला अक्षरं शिकवायला लागली. मी त्यातलं काहीही लिहून आणलेलं नव्हतं. पुढे एका थडग्यावरचं नाव त्याने एकट्याने वाचलं तेव्हा टेबलावर सगळे उठून उभे राहिले. त्या दिवशी कुणी एक राक्षस मारला नाही, आणि आजही त्या ग्रुपमध्ये तोच दिवस निघतो.

सगळ्यांनी सगळं 14 च्या वर आणलं की एकमेकांची गरजच पडत नाही. तसे खेळ मी चालवलेत, लढाया भारी होतात, पण गप्पा होत नाहीत.

रानजाई

थडग्यावरचं नाव 😭 हापिसात वाचायला नको होतं हे.

गणिताचा_तास

थोडी भर घालतो.

1974 साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा डी अँड डी हा खेळ आला तेव्हा निवड नव्हतीच. तीन फासे टाकायचे, आकडे ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने सहा गुणांपुढे लिहायचे, आणि मग ठरवायचं की हा माणूस कोण होऊ शकतो. तीन फाशांची सरासरी 10.5. तिन्ही सहा येऊन 18 मिळायची शक्यता 216 मध्ये 1. पुढे 'चार फासे टाका, सगळ्यात लहान सोडा' ही पद्धत आली. तिची सरासरी साधारण 12.24 आणि 18 ची शक्यता 1.6 टक्के. म्हणजे तिपटीहून जास्त! पॉइंट विकत घ्यायच्या पद्धतीत नशीब पूर्ण बाहेर काढलं.

मला जुनी पद्धत जास्त प्रिय आहे. माणूस हातात पडतो आणि आपण त्याला ओळखायला लागतो.

पैलतीर_न्यूजर्सी

मी एमएसला इकडे आले तेव्हाची गोष्ट. डॉर्ममध्ये मुलं डी अँड डीची जुनी आवृत्ती खेळायची, 1978 च्या नियमपुस्तकावर. मला बोलावलं, मी हौसेने योद्धा बनवायला घेतली. तर तक्त्यात लिहिलेलं की मानवी पुरुष योद्ध्याची ताकद 18/00 पर्यंत, मानवी स्त्रीची 18/50 पर्यंतच. ड्रॅगन चालतो, उडता गालिचा चालतो, आणि बाईच्या दंडाला मात्र मर्यादा. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, ही ओळ खोडल्याशिवाय मी खेळणार नाही. डीएम शांतपणे उठला आणि त्याने पुस्तकातच ती ओळ काळ्या पेनने खोडली. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती मर्यादा काढूनच टाकली गेली.

तेव्हापासून माझी सगळी पात्रं ताकदवान बायका. कमी काय ठेवते? विझडम, म्हणजे शहाणपण. त्या धडक मारतात, मागचा-पुढचा विचार करत नाहीत. मला आवडतात त्या तशा.

मुग्धमयी

@पैलतीर ताई, __/\__

आले. तर मॉरोविंड. 27 स्किल्स, त्यातली 5 मेजर, 5 मायनर, उरलेली 17 कोपऱ्यात. स्वतःचा क्लास बनवून त्याला नाव देता येतं. मी बनवला 'वैदू'. मेजरमध्ये अल्केमी, मर्कंटाईल, स्पीचक्राफ्ट, अ‍ॅथलेटिक्स, अ‍ॅक्रोबॅटिक्स. शस्त्र एकही नाही. त्या खेळात तलवार समोरच्याच्या अंगातून जाताना दिसते तरी लागत नाही, कारण लागणं-न लागणं स्किलवर आणि थकव्यावर ठरतं. स्किल 5 असलं की उंदीरसुद्धा भारी पडतो. म्हणून माझा वैदू पळायचा, आणि पळून पळून अ‍ॅथलेटिक्स वाढायचं! उड्या मारून अ‍ॅक्रोबॅटिक्स. आई मागून म्हणायची, "तो माणूस सारखा उड्या का मारतोय, जमीन तापलीय का?"

औषधं कुटून विकून मी अख्ख्या बेटावर हिंडले. कुठली फुलं कुठे उगवतात ते अजून सांगू शकते.

रानजाई

जमीन तापलीय का 😂😂 काकूंना नमस्कार सांग

चिंटूची_आई

मला यातलं फार कळत नाही, पण मुलगा (नववी) दिवसभर 'फेथ बिल्ड, फेथ बिल्ड' करत असतो. हे काय धार्मिक प्रकरण आहे का? कृपया कुणी सांगेल का, मला खरंच काळजी वाटतेय.

खिडकीतला_बोका

नाही हो ताई, एल्डन रिंग खेळत असणार तो. आठ गुण आहेत त्यात, फेथ त्यातला एक. तो वाढवला की उपचाराचे आणि विजेचे मंत्र मिळतात. अभ्यास करत नसेल तर वेगळी गोष्ट, पण फेथची काळजी सोडा. त्याला एवढंच विचारा, "व्हिगर (म्हणजे जीव) किती ठेवलंस?" उडेलच तो.

चिंटूची_आई

विचारलं. पाच मिनिटं नुसता बघत राहिला माझ्याकडे. आता शेजारी बसवून दाखवतोय. आभार 🙏

अडखळता

बऱ्याच दिवसांपासून वाचनमात्र होतो. लिहितो.

माझं उलट आहे. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. फोन आला की अंगावर काटा येतो. आणि खेळात मी कायम बार्ड (गाणारा, गोष्टी सांगणारा) असतो, करिझ्मा, म्हणजे माणसं जिंकायचा गुण, सगळ्यात वर. ताकद, कॉन्स्टिट्यूशन काय उरेल ते. संगणकावर प्रश्न नसतो, वाक्य निवडलं की फासा पडतो. टेबलावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र तिथल्या डीएमने सांगितलं, "पहारेकऱ्याला पटवायचंय ना? मग बोल, पटवून दाखव." सगळे माझ्याकडे बघत होते. मी परत गेलो नाही तिथे.

दुसऱ्या ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी तिथली ताई म्हणाली, "तुझ्या बार्डला काय म्हणायचंय ते एका ओळीत सांग, कसं म्हणतो ते फासा सांगेल." मी म्हटलं, त्याला सांगतो की त्याची बदली होतेय. 17 पडले. पहारेकरी रडत घरी गेला. मी त्या ग्रुपमध्ये अजून खेळतो.

फासेवाला

दादा, त्या ताईंचंच बरोबर. जो बार्बेरियन खेळतो त्याला मी टेबल उचलून दाखव म्हणत नाही, मग बार्डला भाषण का करायला लावायचं? शीटवरचा आकडा खेळाडूचा नाही, पात्राचा आहे. मी सगळ्या नव्या डीएमना हे आधी सांगतो.

पैलतीर_न्यूजर्सी

@अडखळता, लिहित राहा रे. बदलीचं तर फारच आवडलं, कुठलाही पहारेकरी रडेल.

सांजवात

अडखळता, धागा काढल्याचं सार्थक झालं. खरंच.

कृष्णाकाठ

प्लेनस्केप टॉर्मेंट कुणीच कसं लिहिलं नाही? 1999. सगळे गुण 9 आणि वर वाटायला 21 पॉइंट. लोक सवयीने ताकदीत घालतात. विझडम आणि इंटेलिजन्समध्ये घाला. विझडम जास्त असलं की नायकाला स्वतःचं विसरलेलं आयुष्य आठवायला लागतं, अर्धी गोष्ट त्याच दारामागे आहे. पुढचं सांगत नाही, ज्यांनी खेळला नाही त्यांनी आजच घ्या.

अण्णा_बत्तीस_शिराळा

सांजवात ताई, तुमच्या भाचीला सांगा की बाल्डर्स गेट 3 मध्ये विदर्स नावाच्या पात्राला 100 नाणी दिली की सगळे आकडे परत वाटता येतात. मला ते पटत नाही पण. उणीव कधीही पुसता येत असेल तर तिच्यासोबत राहणार कोण?

रानजाई

अण्णा, असहमत. दोन पोरं झोपली की मला रात्री अर्धा-पाऊण तास मिळतो. त्यात चुकलेल्या बिल्डसाठी (गुणांच्या वाटणीसाठी) चाळीस तास परत कुठून आणू? माझा पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा) मी मध्यावर वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारा) केला आणि कथेतही तसंच मानलं, की त्याचा शपथेवरचा विश्वास उडाला. उणीव पुसली नाही, बदलली.

अण्णा_बत्तीस_शिराळा

शपथेवरचा विश्वास उडाला... हे मान्य. हे आवडलं.

मुग्धमयी

भाचीने शेवटी काय ठेवलं 8?

सांजवात

ताकद. ड्रुइड (प्राण्याचं रूप घेऊ शकणारी) घेतलीय. अस्वल झालं की अस्वलाची ताकद लागू होते, हे तिने स्वतः शोधून काढलं. शिवाय प्राण्यांशी बोलायचा मंत्र घेतलाय, त्यामुळे प्रगती शून्य, दिसेल त्या खारीशी गप्पा चालू आहेत.

चिंटूची_आई

परत येतेय. चिंटू म्हणतो मित्रांना घरी बोलावून टेबलावरचं खेळायचंय. फासे कुठले आणायचे? दुकानात विचारलं तर ल्युडोचे दाखवले.

फासेवाला

ताई, सातचा संच येतो: 4, 6, 8, 12, 20 बाजूंचा प्रत्येकी एक, आणि 10 बाजूंचे दोन, त्यातला एक टक्क्यांसाठी. मुलं चार असतील तर दोन संच पुरतात. आकडे काढायला सहा बाजूंचे चार लागतील, तिथे ल्युडोचे चालतात. मूळ नियम खेळ बनवणाऱ्या कंपनीने मोफत दिलेत, छापून घ्या. डीएम कोण होणार आहे?

चिंटूची_आई

सगळे माझ्याकडे बघतायत.