'नंदगड'मधून 'दगड' निघतो: पायथनमधील ही त्रुटी कुठे आणि कशी नोंदवावी?

खानापूरची_वाचक

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका लहान वाचनालयाची पुस्तकयादी संगणकावर आणण्याचे काम आम्ही काही जणी करत आहोत. यादीत मराठी पुस्तके अधिक आहेत, कन्नडही बरीच आहेत, आणि वाचकाने शीर्षकातील कोणताही एक शब्द टाकला तरी पुस्तक सापडावे अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला असून तो प्रत्येक शीर्षकातील शब्द सुटे करून त्यांची सूची बनवतो. शब्द सुटे करण्यासाठी पायथनसोबत येणारे, मजकुरातील नमुने शोधणारे 'री' मॉड्यूल घेतले आणि पॅटर्न म्हणून बॅकस्लॅश डब्ल्यू व त्यापुढे अधिकचे चिन्ह दिले, कारण शब्दात येणारी सलग चिन्हे उचलण्याची हीच रीत सगळ्या धड्यांत शिकवलेली असते.

इंग्रजी शीर्षके नीट आली. 'बेळगाव'चे मात्र 'ब', 'ळग' आणि 'व' असे तीन तुकडे झाले, 'निपाणी'चे 'न', 'प', 'ण' झाले आणि 'कणकुंबी'चे 'कणक' व 'ब' झाले. सर्वांत घातक प्रकार 'नंदगड'चा आहे. त्यातून 'न' आणि 'दगड' निघतात, आणि 'दगड' हा खरोखरीचा शब्द असल्यामुळे सूची चाळणाऱ्याला काही बिघडले आहे याची शंकाही येत नाही. 'नगर', 'घर', 'सण' असे काना-मात्रा नसलेले शब्द अखंड राहतात, त्यामुळे पहिल्या नजरेत सगळे ठीकच वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. ही पायथनची त्रुटी मानायची की माझ्याच वापराची? त्रुटी असेल तर ती नोंदवण्याची योग्य जागा कोणती? पायथन ज्या सी भाषेत लिहिलेले आहे ती मला येत नाही आणि माझे इंग्रजी बेताचे आहे; अशा व्यक्तीच्या नोंदीचा तिथे काही उपयोग होतो का?

निपाणीकर_पुणे

ताई, प्रश्न फार नेमका मांडला आहे. 'नंदगड'चे उदाहरण तर जपून ठेवावे असे आहे.

आधी कारण पाहू. जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. 'ब', 'ळ', 'ग' ही व्यंजने 'अक्षर' या वर्गात येतात, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे हलन्त चिन्ह ही 'जोडचिन्हे' म्हणून वेगळ्या वर्गांत नोंदलेली आहेत. पायथनच्या 'री' मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यूची व्याख्या अशी आहे की चिन्ह अक्षर किंवा अंक असेल, अथवा अंडरस्कोर असेल, तरच ते शब्दाचे चिन्ह. जोडचिन्हे या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून प्रत्येक मात्रेपाशी आणि प्रत्येक अनुस्वारापाशी शब्द तुटतो. 'बेळगाव' या स्ट्रिंगवर, म्हणजे मजकुरावर, सगळी चिन्हे अक्षरे आहेत का हे सांगणारे 'इझअल्फा' चालवून पाहिलेत तर त्याच कारणाने 'फॉल्स' मिळेल आणि 'नगर'वर 'ट्रू' मिळेल.

यात एक विसंगती आहे आणि ती नोंदीत जरूर यावी. पायथन ३ मध्ये चलाचे नाव देवनागरीत देता येते, आणि 'बेळगाव' हे नाव ती भाषा मुकाट्याने स्वीकारते, कारण नावांसाठी तिने युनिकोडचा जो नियम घेतला आहे त्यात जोडचिन्हांना जागा आहे. म्हणजे एकच भाषा 'बेळगाव'ला एक अखंड नाव मानते आणि त्याच वेळी त्याला एक अखंड शब्द मानत नाही.

आता ही त्रुटी आहे का? दस्तऐवजात जे लिहिले आहे तेच घडत आहे, म्हणून काही जण याला त्रुटी म्हणणार नाहीत. पण रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी, म्हणजे अशा शोध-पॅटर्नसाठी, युनिकोडने जी स्वतंत्र मार्गदर्शिका १८ क्रमांकाचे तांत्रिक मानक म्हणून काढली आहे, तिच्यात शब्दाच्या चिन्हांत जोडचिन्हे स्पष्टपणे धरलेली आहेत. पर्ल ही भाषा तसेच करते आणि रस्ट या भाषेचे रेगेक्स क्रेट, म्हणजे तिथले मॉड्यूलही. तेव्हा दस्तऐवजाशी सुसंगत पण मानकाशी विसंगत, असे याचे अचूक वर्णन होईल, आणि माझ्या मते देवनागरी किंवा कन्नड वाचणाऱ्या कोणालाही ही त्रुटीच आहे.

मात्र नवी नोंद करू नका. हे वर्तन २००७ सालीच नोंदवले गेले आहे, जुन्या बग ट्रॅकरवरील क्रमांक १६९३०५० खाली, आणि त्या नोंदीतले उदाहरणही देवनागरीचेच आहे. २०११ मध्ये क्रमांक १२७३१ खाली, वर सांगितलेल्या मानकाचा हवाला देऊन, तो मुद्दा पुन्हा मांडला गेला. एप्रिल २०२२ मध्ये पायथनच्या सगळ्या नोंदी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर हलवल्या गेल्या, पण जुना क्रमांक शोधात टाकला की स्थलांतरित नोंद सापडते. आधी दोन्ही चर्चा शेवटपर्यंत वाचा.

सीमाभाग_संगणक

इतकी वर्षे हा प्रश्न पडून राहिला असेल, तर आपण सर्वांनी मिळून आवाज उठवणे गरजेचे आहे असे मला वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील संगणक शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकेक इश्यू, म्हणजे नवी नोंद, उघडला, तर भारतीय लिप्यांचा प्रश्न किती मोठा आहे हे तिथल्या लोकांना कळेल. एका नोंदीकडे दुर्लक्ष करता येते, शंभर नोंदींकडे येत नाही.

निपाणीकर_पुणे

आपली कळकळ मला समजते, पण या उपायाला माझा ठाम विरोध आहे. सीपायथनच्या, म्हणजे सीमध्ये लिहिलेल्या मूळ पायथनच्या, नोंदी वाचून वर्गवारी करणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. शंभर समान नोंदी आल्या तर त्यांतील नव्याण्णव बंद करण्यात त्यांचा वेळ जाईल, आणि मूळ नोंदीत भर काहीच पडणार नाही. पाठिंबा दर्शवायचा असेल तर मूळ नोंदीवर अंगठ्याची खूण करण्याची सोय आहे. पुढे नेणारी गोष्ट म्हणजे नवी माहिती: आधी कोणी न दिलेले उदाहरण, ताज्या आवृत्तीवर केलेली पडताळणी, किंवा बदल केल्यास काय मोडेल याचा अभ्यास.

टिळकवाडी_प्राध्यापक

मी बेळगावात अभियांत्रिकीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो, म्हणून दुरुस्तीच्या बाजूने थोडे विस्ताराने लिहितो.

'री' मॉड्यूलचा सी भाषेत लिहिलेला भाग पाहिल्यावर विद्यार्थी चकित होतात, कारण युनिकोड स्ट्रिंगसाठी शब्दाचे चिन्ह कोणते हे ठरवणारी व्याख्या फक्त एका ओळीची आहे: चिन्ह अक्षर-अंक आहे किंवा अंडरस्कोर आहे. ती ओळ बदलणे कठीण नाही, कठीण आहे ते बदलाचे परिणाम सांभाळणे. शब्दाची सीमा दाखवणारा बॅकस्लॅश बी हा पॅटर्न त्याच व्याख्येवर उभा आहे, त्यामुळे एक ओळ बदलली की जगभर चालू असलेल्या असंख्य प्रोग्रामांची उत्तरे बदलतात. कोणी तरी आजच्या वर्तनाला धरून आपली यंत्रणा बसवली असेल आणि ती कोणतीही सूचना न देता वेगळे उत्तर देऊ लागेल. म्हणूनच असा बदल किरकोळ दुरुस्तीच्या आवृत्तीत, म्हणजे समजा ३.१३ च्या पुढच्या उपआवृत्तीत, जाऊ शकत नाही. मागील आवृत्त्यांशी सुसंगती कशी राखावी याचे धोरण पेप ३८७ या पायथनच्या क्रमांकित प्रस्तावाच्या दस्तऐवजात ठरलेले आहे, आणि असंगत बदल करण्यापूर्वी किमान दोन आवृत्त्यांत इशारा द्यावा अशी त्याची सर्वसाधारण अपेक्षा आहे. बॅकस्लॅश डब्ल्यूबाबत इशारा तरी नेमका केव्हा द्यायचा? हा पॅटर्न जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामात असतो, आणि प्रत्येक वापरावर इशारा दिला तर कोणी तो वाचणारच नाही. इतक्या वर्षांच्या विलंबाचे कारण मला इथे दिसते. भारतीय भाषांविषयीची अनास्था हे त्याचे कारण आहे असे मला वाटत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की थेट पॅच, म्हणजे कोडमधील दुरुस्ती, पाठवण्याऐवजी पायथनच्या अधिकृत चर्चास्थळावर, नव्या कल्पनांच्या विभागात, आधी प्रश्न मांडावा: व्याख्या बदलावी, की जुने वर्तन तसेच ठेवून नव्या वर्तनासाठी वेगळा फ्लॅग, म्हणजे वापरणाऱ्याने चालू करायचा पर्याय, द्यावा? मला दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो, कारण त्याने कोणाचे काहीही मोडत नाही, जरी नवशिक्याला तो फ्लॅग माहीत असावा लागेल ही अडचण उरते.

सी न येणाऱ्या व्यक्तीला करण्यासारखे काम आहे का, असे ताईंनी विचारले आहे. दोन कामे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पहिले टेस्टचे. सीपायथनचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, गिट या साधनाने उतरवून घ्यावा, डीबगची सोय चालू ठेवून 'कॉन्फिगर' आणि 'मेक' या आज्ञांनी तो बांधावा आणि तयार झालेल्या पायथनवर 'री' मॉड्यूलच्या टेस्ट चालवाव्यात. टेस्ट पायथनमध्येच लिहिलेल्या असतात, तेव्हा त्यात भर घालायला सी लागत नाही. दुसरे काम दस्तऐवजाचे. जुन्या आवृत्त्यांच्या दस्तऐवजात बॅकस्लॅश डब्ल्यू जगातील बहुतेक भाषांतील शब्दांची बहुतेक चिन्हे घेतो अशा आशयाचे वाक्य होते, आणि ते आपल्या लिप्यांच्या बाबतीत दिशाभूल करणारे होते. आताचे वाक्य अक्षर-अंकांच्या पायथनमधील व्याख्येकडे बोट दाखवते. ते अचूक आहे, पण शिकणाऱ्याला त्यावरून आपल्या मात्रा गळणार आहेत हे कळत नाही. तेवढी सूचना जोडणारी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, लहान असते, तिने कोणताही प्रोग्राम मोडत नाही, आणि तिच्या निमित्ताने योगदानाचा करार, परीक्षण, सुधारणेची मागणी हा सगळा क्रम एकदा हाताखालून जातो.

शहापूर_ग्रंथपाल

इंग्रजीची काळजी करू नका. मी इतर मुक्त प्रकल्पांत नोंदी केल्या आहेत. तिथे लालित्य कोणी शोधत नाही. कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, काय चालवले, काय अपेक्षित होते, काय मिळाले, ही पाच उत्तरे साध्या वाक्यांत दिली की पुरते. कोड मजकूर म्हणून द्यावा, स्क्रीनचा फोटो टाकू नये, कारण परीक्षकाला तो जसाच्या तसा चालवून पाहायचा असतो.

मला सुचवायचे आहे ते कन्नडविषयी. आपल्या भागात एकाच यादीत दोन्ही लिप्या येतात, आणि नोंदीला खरे बळ त्यातून मिळेल. मी आत्ताच पडताळून पाहिले: कन्नड लिपीत 'बेळगावि' लिहिले तरी तेच तीन तुकडे पडतात, ब, ळग आणि व, फक्त कन्नड अक्षरांत. दोन वेगळ्या लिप्या एकाच जागी तुटतात हे शेजारी शेजारी दाखवले, तर हा देवनागरीचा अपवाद नसून जोडचिन्हे वापरणाऱ्या सगळ्या लिप्यांचा प्रश्न आहे हे कन्नड किंवा मराठी न येणाऱ्या परीक्षकालाही दिसेल.

दरम्यान वाचनालयाचे काम थांबू नये. 'रेगेक्स' नावाचे स्वतंत्र मॉड्यूल पायथनच्या 'पिप' या साधनाने बसवता येते. त्यातील बॅकस्लॅश डब्ल्यू जोडचिन्हे धरतो आणि 'बेळगाव' अखंड मिळते. बाहेरचे मॉड्यूल नको असेल तर चौकटी कंसात बॅकस्लॅश डब्ल्यूसोबत देवनागरीचा पूर्ण पट्टा देता येतो, पण त्या पट्ट्यात दंड आणि दुहेरी दंडही आहेत हे ध्यानात ठेवा, नाहीतर अभंगांच्या पुस्तकांत प्रत्येक चरणाचा शेवटचा शब्द दंडासकट सूचीत जाईल.

खानापूरची_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. 'रेगेक्स' बसवले आणि सूची नीट झाली. 'दगड' आता फक्त 'दगड' असलेल्याच शीर्षकात सापडतो. तरीही मूळ प्रश्न सोडून द्यावा असे मला वाटत नाही, कारण पायथन शिकणारे आमच्याकडचे प्रत्येक मूल आधी सोबत येणारे मॉड्यूलच वापरणार आहे.

दोन्ही जुन्या नोंदी वाचून झाल्यावर मी नवा इश्यू न उघडता तिथेच टिप्पणी करणार आहे. तिचा मसुदा मराठीत असा आहे: "हे वर्तन पायथनच्या मुख्य शाखेवर आजही दिसते. खाली मराठी आणि कन्नड लिपीतील एकाच गावाचे नाव दिले आहे. दोन्हींचे तुकडे एकाच जागी पडतात. तिसऱ्या उदाहरणात तुटलेला भाग हा स्वतःच एक वेगळा मराठी शब्द आहे, त्यामुळे चूक प्रोग्राम चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. हेच शब्द चलाचे नाव म्हणून भाषा स्वीकारते. दस्तऐवजात याची सूचना जोडणारी पुल रिक्वेस्ट पाठवण्याची माझी तयारी आहे. ती स्वीकारार्ह असेल का?" यात काही कमी आहे का?

टिळकवाडी_प्राध्यापक

मसुदा उत्तम आहे. शेवटचा प्रश्न तसाच ठेवा; काम सुरू करण्यापूर्वी विचारणे परीक्षकांनाही सोयीचे जाते. मुख्य शाखा लिहिताना कोणत्या दिवशीची आणि कोणत्या कमिटची, म्हणजे नोंदलेल्या कोणत्या बदलापर्यंतची, हेही द्या.

एक चौथे उदाहरण जोडावे असे सुचवतो: 'दऱ्या'. हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एकात नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे सारखी करण्याची युनिकोडची प्रक्रिया, केले तरी ते एकरूप होत नाहीत. आज दोन्ही तुटतात. उद्या व्याख्येत केवळ जोडचिन्हे घातली तर पहिला सुधारेल, दुसरा तुटलेलाच राहील, कारण जॉइनर जोडचिन्हांच्या वर्गात येत नाही. युनिकोडच्या त्या मानकाने शब्दाच्या चिन्हांत जॉइनरही धरलेला आहे, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने मानकाची पूर्ण व्याख्या घेतली की अर्धीच, हे या एका शब्दाने तपासता येईल. दोन्ही रूपे टाकताना प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक शेजारी लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला एकच शब्द दोनदा टाकला आहे असे वाटेल.