मदत हवी आहे : आई आणि लेकीसोबत रंकाळ्याची फेरी

मंडळी, रविवारी सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला पूर्ण फेरी मारायचा बेत आहे. सोबत चार वर्षांची लेक आणि गुडघे दुखणारी आई. आईला संध्यामठ आणि शालिनी पॅलेस पुन्हा चालत बघायचाय, फार वर्षांची इच्छा आहे तिची, म्हणून अर्ध्यावरून परतायचं नाही.

पद्माराजे उद्यानापासून सुरुवात केली तर सगळीकडे सपाट वाट मिळेल का? कुठे रस्त्यावर उतरावं लागतं? लेक हात सोडून पळते, त्यामुळे गाड्यांची फार काळजी वाटते. आईला टेकायला बाकडी कुठे कुठे आहेत, स्वच्छतागृह सकाळी उघडं असतं का?

एवढं झेपणार नसेल तर टाऊन हॉलच्या बागेत जाऊ, झाडांची सावली तरी आहे. रोज फिरायला जाणाऱ्यांनी नक्की सांगा.