बाबांच्या पट्ट्यातली जुनी काडतुसं: दमट हवेत भरवसा किती?

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

बाबा फौजेतून निवृत्त झाले, आता कॅशच्या गाडीवर गनमन आहेत. स्वतःच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी. चामडी पट्ट्यात दहा काडतुसं, गेली आठ वर्षं तीच. एकही उडवायची वेळ आली नाही, देवाची कृपा. पण मे महिन्यात गाडीचा पत्रा भाजतो, जुलैत पट्टा चिंब. रात्री कुर्ल्याच्या आमच्या खोलीत, पत्र्याखालीच, लोखंडी पेटीत कुलूपबंद.

परवा बघितलं तर पितळी बुडांवर हिरवा कळंक. दोन काडतुसं पट्ट्यातून निघता निघेनात. एक जुनं कागदी वेष्टनाचं आहे, ते इतकं फुगलंय की बंदुकीत पुरतं बसतच नाही.

काडतुसातली बिनधुराची दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज, ती आपसूकच हळूहळू विघटित होते आणि उष्णतेने हा वेग वाढतो, एवढं वाचलंय. बाबा म्हणतात, "प्लास्टिकवाल्यांना काही होत नाही." खरंय का? आणि ते बुडाला तेल लावतात, ते चालतं का?

प्रतिसाद १: तेल आधी बंद करा! ते कॅपच्या (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) फटीतून आत झिरपतं आणि ठिणगीच मरते. प्लास्टिक ओल पीत नाही, पण तोंडाच्या घडीतून आणि कॅपमधून दमट हवा शिरतेच. कळंक मुख्यतः चामड्यामुळे. कमावताना वापरलेली आम्लं पितळ खातात. कोरड्या फडक्याने पुसा, रात्री पट्ट्यातून काढून सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

फुगलेलं आणि कळंकलेली वापरूच नका. नुसतं न उडणं परवडलं. उशिरा उडालं, किंवा अर्धवट उडून छरे नळीत अडकले आणि मागून दुसरा बार काढला, तर नळी फुटते. चाप ओढूनही उडालं नाही तर बंदुकीचं तोंड मोकळ्या दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबायचं, लगेच उघडायची नाही. बाद काडतुसं कचऱ्यात किंवा खाडीत टाकू नका. परवाना घेऊन पोलीस ठाण्यात विचारा, जमा केल्याची नोंद लेखी घ्या.

धागाकर्ता: आभार. तेलाची बाटली लपवली. कागदी काडतूस मात्र बाबांनी "पहिल्या नोकरीचं आहे" म्हणून हातातून सोडलं नाहीये. उद्या दोघं मिळून पोलीस ठाण्यात जातो.